अंगावरचे लाल ठिपके
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरचा पाहुणा न बोलावता आपल्यापैकीच कोणीतरी उपयोगी विषयावर बोलावे, असे यंदा ठरले आणि पहिले नाव माझे निघाले. मी घाबरूनच गेले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाला उखाणा घेण्यापलीकडे चारचौघींत मी कधी तोंड उघडलेले नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, “तुमच्या धाकटीच्या दुखण्याची हकीगत मला सांगितलीत ना, तीच सगळ्यांना सांगा. घरोघरी उपयोग होईल.” म्हणून उभी राहिले आहे. मी सांगत गेले आणि धाकटीने हे सारे वहीत उतरवून घेतले. चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या आळीत मला पुष्कळजणी ‘औषधवाल्या काकू’ म्हणतात. माझ्या आईला झाडपाल्याची थोडीफार माहिती होती, तिच्याकडून मी चार गोष्टी शिकले. कोणाच्या मुलाला उचकी लागली, कोणाच्या अंगावर पुरळ उठले, की मूल माझ्या ओट्यावर यायचे. मी लांबूनच बघून सांगायची, “घामोळं आहे, चंदन लाव.” “पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी चोळ.” बहुतेक वेळा बरे वाटायचे आणि माझा मान वाढायचा. आता कळते की त्यातले निम्मे आपोआपच बरे होणारे होते.

२०१९ सालची गोष्ट. कृष्णेला महापूर आला ते वर्ष. सांगलीत नणंदेच्या घरात पाणी शिरले म्हणून ती मुलांसह आमच्याकडे तासगावला आली होती. घरात माणसे वाढली, नळाचे पाणी दिवसाआड, म्हणून मी न्हाणीत दोन पिंपे जादा भरून ठेवली. ही पिंपांची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

गणपतीला चार दिवस असताना धाकटीला ताप भरला. नऊ वर्षांची होती ती. अंग नुसते भाजत होते. डोके दुखते, डोळ्यांच्या मागे दुखते, पाय मोडून आल्यासारखे वाटते, म्हणून रडत होती. मी तुळशीचा काढा दिला, कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवल्या. तिसऱ्या रात्री ती फारच कण्हायला लागली. यांच्या दाढदुखीसाठी आणलेल्या गोळ्या डब्यात शिल्लक होत्या. दुखण्यावरचीच गोळी, मग दुखणे थांबवील, अशा समजुतीने त्यातली अर्धी तिला दिली. दुसऱ्या दिवशी आणखी अर्धी दिली.

गणपती बसले त्या दिवशी, तापाच्या पाचव्या दिवशी, संध्याकाळी ताप उतरला. मला वाटले, बाप्पा पावला. मोदकाचा प्रसाद तिच्या तोंडाला लावला, पण तिने तो बाजूला सारला. पोटात दुखते म्हणाली. पाच दिवस पोटात काही नाही, दुखणारच, असे मी म्हटले.

दुसरा दिवस आपल्या रथोत्सवाचा. सकाळी तिचे कपडे बदलताना पाहिले, तर घोट्यांपाशी आणि पोटऱ्यांवर बारीक लाल ठिपके. मोहरीपेक्षाही लहान. जणू कोणी टाचणीने टोचून ठेवले आहे. दंडावर जिथे झंपराची घट्ट बाही होती, तिथे तर ठिपक्यांची ओळच उठली होती.

मग घरात ज्याचे त्याचे निदान सुरू झाले. नणंद म्हणाली, डास चावले असतील. पाहुण्यांतली एकजण म्हणाली, अंगणात मुले गुलाल खेळत होती, त्याचे डाग असतील. मी ओल्या फडक्याने पुसून पाहिले. गुलाल असता तर फडक्याला लागला असता. सासूबाई तर हात जोडून म्हणाल्या, “अगं, बाया आल्यात पोरीला. लिंबाचा डहाळा टांग दाराला, आज फोडणी घालू नको.” आणि मी, औषधवाली काकू, ठामपणे म्हणाले, “काही नाही, ताप निघाल्यावर घामोळं फुटलंय.” वाटीत चंदन उगाळून घेतले आणि तिच्या पायांना लावायला बसले.

इतक्यात आपल्या आशाताई दारात आल्या. त्या वस्तीत तापाचे रोगी विचारत फिरत होत्या. त्यांनी मला चंदन लावू दिले नाही. म्हणाल्या, “वहिनी, थांबा. एक काचेचा पेला आणा बघू.” मी चहाचा पेला विसळून दिला. त्यांनी तो पोरीच्या पोटरीवर ठिपक्यांवर दाबून धरला आणि मला काचेतून बघायला सांगितले. आजूबाजूची कातडी दाबाने फिकी पडली होती. ठिपके मात्र होते तसेच लाल.

आशाताई म्हणाल्या, “घामोळं असतं तर दाबल्यावर लाली गेली असती. हे रक्त आहे, कातडीखाली आलेलं. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला.” मी म्हटले, “अहो पण ताप तर उतरलाय.” त्या म्हणाल्या, “म्हणूनच चला.”

भगिनींनो, रथाचे दोर ओढायला सगळा गाव लोटलेला, रस्ते बंद, आणि आम्ही पोरीला चादरीत गुंडाळून मागच्या बोळाने निघालो. तोंड धुताना तिच्या हिरडीतून रक्त आले होते, ते मला गाडीत बसल्यावर आठवले. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासले आणि लगेच सांगलीला पाठवले. डेंग्यू होता. आपल्या रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात. निरोगी माणसात रक्ताच्या एका थेंबाच्याही लहानशा भागात ते दीड लाखाच्या वर मोजले जातात. तिचे अडतीस हजारांवर आले होते.

चार दिवस आम्ही तिथे होतो. त्या चार रात्री मी कशा काढल्या, ते बोलत नाही. सलाईन काळजीपूर्वक मोजून देत होते, दर काही तासांनी रक्त तपासत होते. रक्त चढवायची वेळ आली नाही. पाचव्या दिवशी ती भात मागायला लागली. घरी आल्यावर तिच्या हातापायांवर पुन्हा लाली उठली, मधेमधे पांढरे गोल, आणि खाज फार. मी पुन्हा धावले. डॉक्टर हसले आणि म्हणाले, “हे बरं होतानाचं आहे, घाबरू नका.” आता ती दहावीला आहे.

तिथले डॉक्टर मोठे सोशिक होते. मी त्यांना विचारले, “लाल ठिपके तर सगळ्यांच्याच अंगावर येतात. आमच्यासारखीने ओळखायचे कसे?” त्यांनी सांगितलेले आणि पुढे आशाताईंकडून पुन्हा पुन्हा विचारून घेतलेले आज तुम्हांला सांगते.

ठिपक्यांचे दोन भाग करावेत. दाबल्यावर फिके पडणारे, आणि न पडणारे.

पहिल्या भागात आपल्या रोजच्या ओळखीची मंडळी येतात. घामोळे म्हणजे घामाची छिद्रे बुजल्यामुळे उठणारे पुरळ. ते मान, पाठ, काखा, कमरेची नाडी अशा घाम साचणाऱ्या जागी येते, टोचते, खाजते. सैल सुती कपडे आणि गार वारा हेच त्याचे औषध. डास किंवा ढेकूण चावल्याची गांध फुगीर असते, बहुधा मधे चावल्याची खूण दिसते आणि उघड्या राहिलेल्या भागावर असते. अंगावर पित्त उठते त्याच्या गांधी मोठ्या, उंचवट्याच्या, भयंकर खाजणाऱ्या. एका जागची गांध काही तासांत जाते आणि दुसरीकडे उठते. मात्र पित्ताबरोबर ओठ, जीभ किंवा डोळे सुजले, श्वास घ्यायला जड जाऊ लागले, तर आमसूल शोधत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती होते. रात्री अंथरुणात खाज वाढते. एकट्या मुलाला मलम लावून ती जात नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावावे, कपडे-पांघरुणे गरम पाण्यातून काढून उन्हात घालावीत. नाहीतर ती घरातल्या घरात फिरत राहते. तिची लाज बाळगून लपवणाऱ्या घरांत ती वर्षभर मुक्काम करते.

काही ठिपके आपण स्वतःच्या हाताने आणतो. बिब्बा उतला की अंगावर पुरळ आणि फोड येतात, हे आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको. केसांच्या कलपाने कानामागे, मानेवर पुरळ येते. टिकलीच्या डिंकाने कपाळ खाजते, आणि तरी तीच टिकली लावत राहिले तर तिथे पांढरा डागही पडू शकतो. खाज सुरू झाली की ती वस्तू बंद करणे, एवढेच आपल्या हातात असते.

आता गोवर. गोवराला आधी तीन-चार दिवस ताप, सर्दी, खोकला आणि लाल पाणावलेले डोळे असतात. मग पुरळ कानामागून आणि चेहऱ्यावरून सुरू होऊन खाली उतरते. माझ्या धाकटीचे ठिपके पायापासून सुरू झाले होते. शिवाय तिला २०१८ साली शाळेत गोवर-रुबेलाची लस मिळालेली होती. आशाताईंनी हे लगेच विचारले, मला सुचले नाही. कांजिण्यांत पाण्याने भरलेले फोड असतात आणि एकाच वेळी काही नवे, काही सुकलेले दिसतात. देवीचा रोग तर भारतात १९७५ नंतर राहिला नाही, १९८० मध्ये जगातूनच गेल्याचे जाहीर झाले. ती देवी जायला लस लागली. सासूबाईंची श्रद्धा मी कधी दुखवली नाही. दाराला डहाळा बांधावा, पण मूलही डॉक्टरांना दाखवावे. गोवर ही नुसती ‘बाया येऊन जाण्याची’ गोष्ट नाही. त्यातून न्यूमोनिया होतो, मुले दगावतात. २०२२ साली मुंबईत गोवराची साथ आली तेव्हा लस न मिळालेल्या मुलांचे फार हाल झाले. नवव्या महिन्यानंतरची लस आणि दीड वर्षाच्या सुमाराची दुसरी मात्रा चुकवू नये.

आता दुसरा भाग, दाबल्यावर न जाणारे ठिपके. हे खाजत नाहीत, हाताला सपाट लागतात. आपल्या अंगात केसापेक्षाही बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे आहे. त्यांना कुठे छिद्र पडले, तर मघाशी सांगितलेल्या प्लेटलेट तिथे जाऊन ते बुजवतात, जसे आपण फुटक्या बादलीला डांबर लावतो. प्लेटलेट कमी पडल्या किंवा रक्तवाहिन्याच सुजल्या, तर रक्त पाझरते आणि ठिपका दिसतो. पायांवर भार असतो, म्हणून पायांवर आधी दिसतो.

त्यातले सगळेच घाबरण्यासारखे नसते. माझ्या पहिल्या बाळंतपणात जोर केल्यामुळे माझ्या चेहऱ्यावर असे ठिपके आले होते, ते आठवड्यात गेले. जोराची वांती किंवा खोकल्याची उबळ यांनीही गळ्याच्या वर ते येतात. चाळिशीनंतर पोटावर, छातीवर लालभडक, गुळगुळीत तिळासारखे ठिपके येतात, ते माझ्याही अंगावर चार-पाच आहेत. ते वर्षानुवर्षे तसेच राहतात, त्रास देत नाहीत. म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ होते, हातावर जांभळे डाग पडतात. ती माणसे रक्त पातळ करण्याची गोळी घेत असतील, तर मात्र डॉक्टरांच्या कानावर घालावे.

काही वेळा चांगले खेळते मूल असते, पंधरा दिवसांपूर्वी साधी सर्दी होऊन गेलेली असते, आणि अचानक अंगभर ठिपके आणि न लागता काळेनिळे डाग दिसतात. अशा वेळी शरीर आपल्याच प्लेटलेट नष्ट करत असते. मुलांमध्ये हे बहुधा काही आठवड्यांत, महिन्यांत बरे होते, पण तपासणी हवी. दुसऱ्या एका दुखण्यात पायांवर आणि कुल्ल्यांवर उंचवट्याचे लाल-जांभळे ठिपके येतात, सांधे आणि पोट दुखते. त्यात मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो, म्हणून लघवी तपासावी लागते. मूल फिकट पडत चालले, वजन उतरले, वरचेवर ताप येतो आणि ठिपकेही आहेत, तर रक्ताचा कर्करोग नाही ना, हेही पाहावे लागते. नाव ऐकून काळजाचे पाणी होते, पण मुलांचा हा रोग वेळेवर कळला तर पुष्कळदा बरा होतो.

सर्वांत घाईचे म्हणजे ताप, मान ताठणे, मूल गुंगीत जाणे आणि काही तासांत वाढत जाणारे जांभळट ठिपके. हा मेंदूज्वराचा प्रकार असू शकतो. तिथे सकाळची वाट पाहायची नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर बहुतेकदा गाठ पडते ती डेंग्यूशी. त्यातली मला सर्वांत न कळलेली गोष्ट ही, की खरा धोका ताप उतरताना असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप जातो आणि त्याच वेळी रक्तातले पाणी वाहिन्यांबाहेर झिरपू शकते. पोटात सतत दुखणे, थांबत नाही अशी वांती, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, गळून जाणे, मोठ्या मुलीला पाळीत फार रक्त जाणे, यांपैकी काहीही दिसले तर ताप नाही म्हणून गप्प बसू नये. पपईच्या पानांचा रस करावा का, असे मी विचारले होते. डॉक्टर म्हणाले, “रसाच्या भरवशावर घरी राहू नका.” पाणी, पेज, सरबत, क्षारसंजीवनी पाजत राहावे आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी रक्त तपासावे.

आणि ती दाढदुखीची गोळी. हे सांगताना अजून माझा आवाज कापतो. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्यांनी डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, एवढेच द्यावे. डॉक्टरांनी काय काय दिले असे विचारले, तेव्हा लाजेने मी ती गोळी आधी लपवली. मग यांनी सांगितली. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, “ताई, हे लपवलंत तर आम्ही आंधळेपणाने औषध देणार.” तेव्हा दिलेले औषध, काढा, गोळी, जे असेल ते स्पष्ट सांगावे.

घरी परतल्यावर आशाताई आणि आरोग्य खात्याचा एक माणूस आले. त्यांनी माझ्या न्हाणीतल्या पिंपात विजेरीचा उजेड पाडला. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. मी सबंध आळीला स्वच्छतेचे शिकवणारी बाई! डेंग्यूचा डास साठवलेल्या चांगल्या पाण्यातच अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंडी पिंपाच्या काठाला चिकटून बसतात, पाणी ओतून दिले तरी जात नाहीत, कोरडी राहूनही टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून आतून काथ्याने खरवडून घासावे, वाळवावे, मग भरावे आणि घट्ट झाकावे. पिंपावर अर्धवट ठेवलेली फळी म्हणजे झाकण नव्हे.

आता थोडक्यात सांगून संपवते. मुलाच्या अंगावर ठिपके दिसले की नाव ठेवण्याची घाई करू नये. काचेचा पेला दाबून पाहावा. आपल्या सावळ्या अंगावर ठिपके लवकर दिसत नाहीत, म्हणून तळवे, पावले, ओठांची आतली बाजू आणि पापणीची आतली बाजू उजेडात पाहावी. ठिपके कुठून सुरू झाले, खाजतात का, ताप किती दिवस आहे, काय औषध दिले, हे कागदावर लिहून न्यावे. न जाणारे ठिपके असले तर त्याच दिवशी दाखवावे, आणि बरोबर ताप, गुंगी किंवा रक्तस्राव असला तर त्याच घटकेला. आणि हेही विसरू नये, की ठिपके दाबल्यावर गेले पण मूल मलूल आहे, पाणी पीत नाही, तरीही दाखवायचेच. पेल्याची परीक्षा मदतीला आहे, डॉक्टरांच्या जागी नाही.

माझी मंडळाला एक विनंती आहे. दर शनिवारी सकाळी आळीतल्या सगळ्या घरांनी एकदमच पिंपे घासावीत. एकीने घासून दुसरीने ठेवली तर उपयोग नाही, डास भिंत ओलांडून येतो. मी दारोदार आठवण करायला यायला तयार आहे.

अजूनही मुले माझ्या ओट्यावर येतात. उचकीला मी मध-साखर देते. पण अंगावर ठिपके असले, की आधी आत जाऊन चहाचा पेला घेऊन येते. त्यातून दिसले ते सांगते आणि कोणाच्या घरी गाडी आहे ते विचारते. चंदनाचे खोड देवघरात ठेवले आहे.